जतन न झालेली दुपार

सतरा मार्चला दुपारी साडेतीनच्या सुमारास, पाच-सात मिनिटांच्या आत, सांगली जिल्ह्यातली अकराशे चाळीस माणसं जागच्या जागी थांबली. विट्यात एक बाई दुकानात साबण मागता मागता गप्प झाल्या. तासगावात एक निवृत्त शिक्षक जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे राहिले. वर जायचं होतं की खाली, ते त्यांना सांगता येईना. मिरजेत एका आजोबांनी उचललेला चहाचा कप तसाच हातात धरून ठेवला. चहा निवला तरी तो ओठांपर्यंत गेला नाही.

ही सगळी स्मृतिभ्रंशाची माणसं होती, आणि प्रत्येकाच्या उजव्या कानामागे कातडीखाली एक चकती बसवलेली होती.

विश्रामबागेतल्या स्मृतिआधार केंद्रात केतकी मगदूम त्या वेळी जेवणाचा डबा उघडत होती. सकाळपासून सर्व्हरचं काम चाललं होतं, म्हणून जेवायला उशीर झाला होता. समोरच्या पडद्यावर एक ओळ लाल झाली, मग दहा, मग पडदाभर. तिने डब्याचं झाकण परत लावलं. काय झालंय हे तिला पहिल्या मिनिटातच कळलं होतं. इतक्या लवकर कसं कळलं, हा प्रश्न तेव्हा तिला कुणी विचारला नाही.

चकतीचं काम तसं समजायला सोपं आहे. आपल्या मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक बोटाएवढा भाग असतो. दिवसभरात जे घडतं ते तो आधी आपल्यापाशी ठेवतो आणि मग सवडीने मेंदूत इतरत्र कायमचं रुजवतो. स्मृतिभ्रंशात हाच भाग आधी खचतो. म्हणून त्या माणसांना चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं आणि सकाळचा नाश्ता आठवत नाही. चकतीच्या केसाहून बारीक तारा या भागापर्यंत पोचलेल्या असतात. कुठल्या क्षणी कुठल्या पेशी जाग्या झाल्या, त्याचा नकाशा त्या टिपून घेतात. अशा एका नकाशाला केंद्रात ‘पान’ म्हणत. माणूस काही आठवू लागला की चकती ते पान परत मेंदूत उमटवते आणि त्याला आठवतं. पानात चित्र नसतं, आवाज नसतो. ज्याच्या मेंदूतून ते आलं, त्याच्याशिवाय जगात कुणालाही ते वाचता येत नाही.

अडचण होती जागेची. चकती मोठी केली तर तापते, आणि ताप मेंदूला सोसत नाही. म्हणून चकतीत थोडीच पानं मावत. बाकीची नेटवर्कवरून केंद्रातल्या सर्व्हरवर जात आणि लागतील तशी परत येत. हे नेणं-आणणं करणारा एक छोटा प्रोग्रॅम प्रत्येक चकतीत होता. दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली जणू चकतीच्याच पोटात आहेत, असं तो भासवायचा. तो प्रोग्रॅम केतकीचा. नऊ वर्षं तिने तो लिहिला, सुधारला, सांभाळला. ज्यांच्या डोक्यात तो चालायचा त्यांच्यापैकी कुणी तिला चेहऱ्याने ओळखत नव्हतं.

त्या दिवशी साडेअकराला तिने सर्व्हरला साठवणीच्या नव्या डिस्क जोडायला घेतल्या. सर्व्हर मंदावला. जुनी पानं मागितली तर येत होती, पण नवी चकत्यांमध्येच साठू लागली. हे अपेक्षित होतं. काम संपल्यावर, तीन पंचवीसला, सर्व्हरने सगळ्यांना सांगितलं, की आता आणा तुमची पानं. चकत्यांनी पानं पाठवायला घेतली. पण पान पोचल्याची पावती सर्व्हरकडून आल्याशिवाय चकतीने ते पान पुसायचं नाही, असा नियम. आणि पावती उतरवून घ्यायला चकतीत थोडी तरी जागा हवी. भरलेल्या चकत्यांमध्ये तेवढीही जागा उरली नव्हती. जागा व्हायची तर पावती यायला हवी, आणि पावती यायची तर जागा व्हायला हवी. दोघं एकमेकांची वाट बघत उभे. याला डेडलॉक म्हणतात. तो आपणहून कधीच सुटत नाही.

शिवाय अडलेली चकती स्वस्थ बसत नाही. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि तापत जाते. पंचेचाळीस मिनिटांनंतर ती स्वतःला कायमची बंद करून घेते. मग दुसरी बसवायला डोकं पुन्हा उघडावं लागतं, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसांना ते झेपत नाही.

अकराशे चाळीस माणसांपर्यंत केबल घेऊन पोचायचं आणि एकेकाची पानं हाताने काढून घ्यायची, तर पंधरा दिवस लागले असते. हाताशी उरली होती पस्तीस मिनिटं. एक आपत्कालीन वाट होती. तिच्यावरून चकतीला एखाद-दुसरा शब्द कळवता येई, आणि त्यातला एक शब्द होता ‘सोड’. जतन न झालेली सगळी पानं टाकून दे आणि मोकळी हो.

केंद्राचे संचालक डॉ. पद्माकर कळंत्रे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते.

“किती जाईल?” त्यांनी विचारलं.

“साडेअकरापासून आत्तापर्यंतचं. चार तास.”

“चार तास. एका साध्या दिवसाचे.” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “सोड.”

तीन बावन्नला केतकीने आज्ञा दिली. विट्यातल्या बाईंनी साबण मागितला. तासगावचे शिक्षक खाली उतरले. एकही चकती बंद पडली नाही. केंद्रातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि केतकीनेही वाजवल्या.

संध्याकाळी पत्रक काढायचं होतं. कळंत्रे सांगत होते, ती टाइप करत होती. “तांत्रिक बिघाडामुळे काही काळ अडथळा आला. कुणाचीही स्मृती गमावलेली नाही.” ते थांबले. “हे खरं नाही, नाही का?”

“‘जतन केलेली एकही स्मृती गमावलेली नाही’ असं लिहूया,” केतकी म्हणाली. “ते खरं आहे.”

कळंत्र्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पत्रक गेलं. ते दोन शब्द आपल्याला इतक्या सहज सुचले, याचंच तिला पुढे कित्येक दिवस नवल वाटत राहिलं.

प्रोग्रॅम दुरुस्त करायला दोन दिवस पुरले. उपाय साधा होता. चकतीतली आठ पानांची जागा कायम राखीव ठेवायची. काहीही झालं तरी तिथे आठवण ठेवायची नाही, ती फक्त पावत्या उतरवून घ्यायला. एकोणीस ओळी. त्या ओळी तिने लिहिल्या म्हणण्यापेक्षा आठवल्या म्हणायला हवं. दोन वर्षांपूर्वी तिच्याच हाताखाली काम करणाऱ्या रेहाना मुजावरने हाच दोष कागदावर मांडून दाखवला होता आणि हाच उपाय सुचवला होता. पण चकतीतली जागा कमी करायची तर डॉक्टरांच्या समितीची मंजुरी पुन्हा घ्यावी लागणार होती. त्यात सहा महिने गेले असते, आणि मिरज तालुक्यातल्या चारशे नव्या पेशंटांच्या शस्त्रक्रिया तोवर खोळंबल्या असत्या. केतकीने रेहानाच्या टिपणावर शेरा मारला होता, ‘प्रत्यक्षात संभव नाही’, आणि ते बंद केलं होतं. रेहाना वर्षभराने पुण्याला गेली. निरोपाच्या दिवशी ती सगळ्यांशी हसून बोलली आणि केतकीशी फक्त बोलली.

दुरुस्ती सगळ्या चकत्यांमध्ये पोचल्यावर केतकीने तिला फोन लावला.

“ते तुझंच होतं, रेहाना. आठ पानांचं. मी बंद केलं होतं.”

“माहितीये, ताई.” पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. रेहानाने ती होऊ दिली. “मी पत्रक वाचलं. ‘जतन केलेली’ हे शब्द तुमचे ना?”

“हो,” केतकी म्हणाली.

“मला वाटलंच,” रेहाना म्हणाली. “कळंत्रे सरांना असलं सुचत नाही.”

पुढे ती काही विचारेल, रागावेल, निदान टोमणा मारेल, याची केतकी वाट बघत होती. रेहाना म्हणाली, “कुकर बघते,” आणि फोन ठेवला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुवर्णा तोडकर नावाची बाई केंद्रात आली. चाळिशीची, बोटांच्या पेरांवर हळदीचा न निघणारा पिवळा रंग. मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात कामाला होती. तिच्या वडिलांची, गजानन तोडकरांची, चकती काढून टाकायची होती. डॉक्टरांनी फायलीत लिहिलं होतं, ‘आजार पुढच्या पायरीवर. चकतीचा उपयोग उरलेला नाही.’ काढण्यापूर्वी चकती तपासून सही करायचं काम केतकीचं.

“नक्की काय होतंय त्यांना?” केतकीने विचारलं.

“काय व्हायचंय मॅडम. आई गेली माझी. मार्चमध्ये. किडनीचं दुखणं होतं, घरीच होती. मी कामावर गेलेले, बाबा तिच्यापाशी होते. संध्याकाळी येऊन बघते तर आई गार पडलेली आणि बाबा शेजारी खुर्चीत बसलेत. म्हटलं, कधी झालं? म्हणतात, मला माहीत नाही. म्हटलं, काही बोलली का? म्हणतात, मला माहीत नाही.” सुवर्णाचा आवाज कोरडा होता, हे तिने अनेकांना सांगून झालं असावं. “डॉक्टर म्हणाले, अडीच-तीनला गेली असणार. बाबांना दुपारी झोपायची सवय. झोपले असतील नाहीतर विसरले असतील. दोन्हीतलं काही असो, डोक्यात हे लोखंड घेऊन फिरायचं आणि बायको गेलेली पण आठवायची नाही, तर उपयोग काय त्याचा? काढून टाका.”

“तारीख कुठली?” केतकीने विचारलं.

“सतरा मार्च.”

सुवर्णा समोर बसली होती. सांगायची ती वेळ होती. केतकी म्हणाली, “मी चकती तपासते आणि कळवते.”

सुवर्णा गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि तोडकरांच्या चकतीचा लॉग उघडला. पानं गेली होती, पण चकती आपल्या कामाची एक छोटी नोंद दर मिनिटाला आपत्कालीन वाटेने पाठवत असे: किती पानं लिहिली, कुठली जुनी पानं मागवली. ती नोंद शाबूत होती. माणूस झोपला की चकती लिहायची थांबते. एरवी दुपारी तोडकरांची चकती बहुतेक कोरी असे. खरंच त्यांना झोपायची सवय होती. सतरा मार्चला साडेबारापासून ती एक मिनिटही थांबली नव्हती. एक पन्नास ते दोन चाळीस या वेळात तिने चारशे बारा पानं लिहिली होती. तीन वर्षांत एवढी पानं तिने कधीच लिहिली नव्हती. दोन चाळीसनंतर मात्र अगदी थोडी.

केतकी त्या आकड्यांकडे बघत राहिली. त्या माणसाने सगळं पाहिलं होतं. डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. आणि तिने ते टाकून दिलं होतं.

कळंत्र्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “चकती काढायची नाही, हे नक्की,” ते म्हणाले. “तू लिहून दे, चकती उत्तम चालते आहे. म्हणजे शिफारस आपोआप रद्द होते. त्यांचं नुकसान टळलं.”

“आणि त्यांना काय सांगायचं?”

“एकाला सांगितलं की अकराशे चाळीस जणांना सांगावं लागेल. लोक घाबरतील. चकत्या काढून घ्यायला रांग लागेल. कितीजणांचं आयुष्य त्यावर चाललंय, तुला मी सांगायला हवं का?”

बोलणं चुकीचं नव्हतं. तिला ते पटलं, आणि पटल्याचं बरंही वाटलं. तिने लिहून दिलं: ‘चकती पूर्ण कार्यक्षम. काढण्याची गरज नाही.’ खाली सही केली. जवळजवळ महिनाभर तिने स्वतःला सांगितलं, की निदान तेवढं तरी आपण वाचवलं.

मग सुवर्णाचा फोन आला.

“मॅडम, तुमचा कागद मिळाला. एकच विचारायचं होतं. चकती चांगली चालते म्हणजे ती त्या दिवशीही चालत होती ना?”

“हो… म्हणजे…”

“म्हणजे बाबा खरंच झोपले होते.” सुवर्णा म्हणाली. “इतके दिवस मी मनाला सांगत होते, आजार आहे, त्यांचा काय दोष. आता तुम्ही लिहूनच दिलंत. मी बाबांना दाखवला कागद. तेव्हापासून जेवत नाहीत धड. भिंतीकडे तोंड करून बसतात आणि म्हणतात, ती हाक मारत असंल गं, आणि मी घोरत पडलो असंन. मी तरी काय बोलू त्यांना? मला पण तेच वाटतंय. ताट वाढते नि जाते कामावर.”

केतकीने फोन ठेवला. चार तास टाकले तेव्हा तिच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता. याबद्दल ती कुणालाही उत्तर देऊ शकली असती. टिपण बंद केलं तेव्हाही तिच्यापाशी चारशे पेशंटांचं कारण होतं. या सहीला काही कारण नव्हतं. एक माणूस आपल्याच घरात गुन्हेगार होऊन बसला होता, आणि तो कागद तिने स्वतःच्या हाताने पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र लिहिलं. सतरा मार्चला चार तासांच्या आठवणी टाकाव्या लागल्या, कुणाच्या टाकल्या, का टाकल्या. हा दोष दोन वर्षांपूर्वी रेहाना मुजावर यांनी दाखवला होता आणि तो मी दुर्लक्षिला. पत्रकातले शब्द माझे. अकराशे चाळीस घरांना ते तिने स्वतःच्या नावाने पाठवलं आणि मग कळंत्र्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर एक प्रत ठेवली. त्यांनी चष्मा काढून ती वाचली, पुन्हा वाचली.

“सोमवारपासून तू या प्रोग्रॅमला हात लावायचा नाहीस,” ते म्हणाले. “मला तसं करावंच लागेल.”

“हो, सर.”

“आत्ता कुठे निघालीस?”

“तोडकरांकडे. हे त्यांना पत्राने कळायला नको.”

कुपवाड रस्त्यावर दोन खोल्यांचं घर होतं. दार सुवर्णाने उघडलं. “या. बाबा आत आहेत. चहा टाकते, दूध संपलंय तेवढं घेऊन येते,” म्हणून ती पिशवी घेऊन बाहेर पडली. पत्र अजून आलं नव्हतं.

गजानन तोडकर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उंच, वाळलेले, दाढी वाढलेली. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी तेहेतीस वर्षं काढली होती. शेजारचा पलंग रिकामा होता आणि त्यावरची चादर सुरकुतीही पडू न देता घातलेली होती.

केतकीने नाव सांगितलं, काम सांगितलं. मग दुसऱ्या खुर्चीच्या कडेवर बसून तिने सगळं सांगायला घेतलं. सर्व्हर, साठलेली पानं, डेडलॉक. डेडलॉक समजावताना ती अडखळली. तोडकरांनी हात वर केला.

“थांबा. म्हणजे असं बघा. स्टँडातले सगळे फलाट भरलेत. बाहेरून गाडी आत घ्यायला जागा नाही. आतली एक गाडी हलली तर जागा होईल. पण तिचा डायव्हर त्या बाहेरच्या गाडीत बसलाय. बरोबर?”

“बरोबर,” केतकी म्हणाली. नऊ वर्षांत हे कुणी इतक्या नीट सांगितलं नव्हतं.

“मग एक फलाट मोकळा ठेवायचा. कायम. कितीबी गर्दी असू दे. आम्ही ठेवत होतो. नवीन आलेल्या पोराला पयल्या दिवशी सांगायचो.” ते तिच्याकडे बघत होते. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

केतकीने पुढचं सांगितलं. ‘सोड’ ही आज्ञा. तीन बावन्न. पत्रक. आणि तो चकती चांगली असल्याचा कागद.

“तर तुम्ही झोपला नव्हता, काका. साडेबारापासून एक मिनिटही नाही. चकती लिहीत होती. आणि दोन वाजायच्या सुमारास तर इतकी लिहीत होती, जितकी तुमच्या चकतीने कधीच लिहिली नाही. तुम्ही त्यांच्यापाशी होता. तुम्ही विसरलाही नाहीत. ते सगळं तुमच्यापाशी होतं. मी ते टाकलं.”

तोडकर उठले. खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. केतकीने उठावं की नाही ते तिला ठरवता येईना.

“दोन महिने,” ते बाहेर बघत म्हणाले. “तुम्हाला माहीत होतं?”

“चार तास गेले हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमचं महिन्यापूर्वी कळलं.”

“महिना काय थोडा झाला? पोरगी माझ्याशी बोलत नाही. मी रोज सकाळी उठून स्वतःला शिव्या देतोय. आणि तुम्ही तिकडं खुर्चीत बसून…” गजावरचा हात त्यांनी सोडला. मग वळले. “ते परत येणार नाही?”

“नाही.”

“कुठल्याच मशिनीनं?”

“नाही, काका. पानं गेली. काय लिहिलं होतं ते कुणालाच कळणार नाही. फक्त…” तिने टॅब्लेट पुढे धरला आणि परत मांडीवर ठेवला. “फक्त एक गोष्ट नोंदीत आहे. त्या वेळात तुम्ही एक जुनी आठवण पुन्हा पुन्हा मागवली होती. सतरा वेळा. त्यात काय आहे ते मला दिसत नाही, तारीख तेवढी दिसते. दोन वर्षांपूर्वीची, चौदा नोव्हेंबर.”

तोडकर खाली बसले. डोळे मिटले. चकतीला पान आणायला क्षणभर लागतो. तो क्षण केतकीने त्यांच्या चेहऱ्यावर सरकताना पाहिला.

“अंकलीच्या पुलावर,” ते डोळे न उघडता म्हणाले. “मिरजेहून कोल्हापूरला निघालो होतो, तिला तिथल्या डॉक्टरला दाखवायला. गाडी पुलावर बंद पडली. दोन तास. सगळी माणसं वैतागलेली. मी खाली उतरून डायव्हरला चार गोष्टी सुनावणार, तर हिनं हाताला धरून कठड्यापाशी नेलं. पिशवीत उकडलेल्या शेंगा होत्या. म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्यात, आज माझ्यासाठी थांबा जरा. बसलो मग. खाली नदीत म्हशी डुंबत होत्या.” ते हसले आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “तिला तो दिवस फार आवडायचा. पडून असली की म्हणायची, सांगा की ओ, पुलावरचं सांगा. मी सांगायचो.”

“सतरा वेळा,” केतकी हळूच म्हणाली.

“म्हणजे ती सांगा म्हणत असणार. म्हणजे बोलत होती.” ते थांबले. “का मीच आपला सांगत बसलो असंन, ती गेल्यावर पण. तेवढं कळत नाही ना त्यात?”

“दोन चाळीसनंतर तुम्ही ती एकदाही मागवली नाही.”

तोडकरांनी मान डोलावली. एकदा, मग पुन्हा. पलंगावरच्या चादरीवर त्यांनी तळहात ठेवला.

“तुम्हाला माफ केलं म्हणायला मला जमत नाही, मॅडम,” ते म्हणाले. “उद्या जमंल का ते बी ठाऊक नाही.”

“मी ते मागायला आले नाही.”

“पण तुम्ही आता सांगितलंत, ते उद्या मला आठवंल ना? का हे बी जाणार?”

केतकीने टॅब्लेट उघडला. तोडकरांच्या नावापुढे गेल्या अर्ध्या तासाची पानं एकामागून एक सर्व्हरवर उतरत होती, प्रत्येकापुढे पावती. तिची कबुली, तिचा आवाज, तिचा चेहरा, सगळं आता या माणसापाशी राहणार होतं, तो असेपर्यंत. “पोचलं,” ती म्हणाली. “सगळं जतन झालं.”

बाहेर कडी वाजली. सुवर्णा दुधाची पिशवी घेऊन आत आली आणि वडिलांचा चेहरा बघून दारातच थबकली.

“काय झालं? बाबा, रडताय कशाला?”

“बस इथं,” तोडकर म्हणाले. “चहाचं राहू दे.”

ती पलंगाच्या कडेला बसली. पिशवीतून जमिनीवर थेंब पडत होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“हिला सांगा,” तोडकर केतकीला म्हणाले. “पयल्यापासनं. मी सांगितलं तर हिला वाटंल, बाबा मनाचं सांगतात.”

केतकीने सुवर्णाकडे बघितलं. पहिल्यांदा सांगताना जे सोपं वाटलं होतं ते आता अजिबात सोपं नव्हतं. या बाईने तिच्या सहीवर विश्वास ठेवला होता.

“सुवर्णाताई,” ती म्हणाली, “तुमचे वडील झोपले नव्हते.”